मालदीव सावरले, पण सगळी बेटे एकाच वेळी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनातून लवकर सावरलेला पर्यटनाचा देश म्हणून मालदीवचे नाव घेतले जाते, आणि आकडेही तेच सांगतात. २०१९ मध्ये तिथे सुमारे १७ लाख पर्यटक आले, २०२० मध्ये साडेपाच लाख, तर २०२१ मध्ये पुन्हा १३ लाखांवर. मात्र ‘चहूबाजूंनी समुद्र, म्हणून सुरक्षित’ हे त्याचे कारण अपुरे आहे. मार्च २०२० मध्ये तिथले पहिले रुग्ण एका रिसॉर्टवर सापडले, ते बेट बंद केले आणि साथ आवरली. १५ एप्रिलला राजधानी मालेत रुग्ण सापडला, तेव्हा मात्र ती पसरली. समुद्र दोन्हींभोवती होताच. फरक होता दाटीचा. मालेत चिंचोळ्या गल्ल्या आणि एकेका खोलीत अनेक परदेशी मजूर.

१९७२ पासून तिथे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशीच रचना रुजली. रिसॉर्टचा धक्का, वीज, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, कर्मचाऱ्यांची वस्ती, सगळे स्वतःचे. विमानतळही वेगळ्या बेटावर, त्यामुळे पाहुणा तिथूनच सी-प्लेनने किंवा स्पीडबोटीने थेट रिसॉर्टवर पोहोचतो, मालेत पाऊल न टाकता. १५ जुलै २०२० ला सीमा उघडल्या तेव्हा अट होती की पूर्ण मुक्काम एकाच ठिकाणी करायचा. चाचणीचा दाखला आधी मागितला नव्हता, तो सप्टेंबरपासून सक्तीचा झाला. यातला कच्चा दुवा म्हणजे सी-प्लेन फक्त उजेडी उडते. संध्याकाळी उतरून दूरच्या रिसॉर्टवर जाणाऱ्या पाहुण्याला एक रात्र शहराजवळ काढावी लागते, आणि तिथे सगळी साखळी तुटू शकते.

खरा प्रश्न गावे असलेल्या बेटांचा आहे. माफुशीसारख्या बेटांवर गेल्या दशकात गेस्टहाउस उभी राहिली. मालक, त्याचे कुटुंब आणि पाहुणा एकाच गल्लीत, मालेहून येणारी फेरी सगळ्यांची एकच, आणि रुग्ण निघाला तर वेगळे ठेवायला जागा नाही. म्हणून ही घरे ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद राहिली, रिसॉर्टपेक्षा तीन महिने जास्त. कर्ज काढून चार-सहा खोल्या बांधणाऱ्याला तीन महिने फार असतात. मे २०२१ च्या लाटेत दक्षिण आशियाई पर्यटकांना दोन महिने बंदी होती, त्याचा घावही स्वस्त मुक्काम शोधणाऱ्या पाहुण्यांवर चालणाऱ्या याच घरांना जास्त बसला असणार, असे मला वाटते.

बाहेरची मदतही मोलाची ठरली. अन्नधान्य, इंधन सगळे आयात, आणि डॉलर पर्यटकांकडूनच. पर्यटक थांबले की दुकानातला तांदूळही अडचणीत. एप्रिल २०२० मध्ये मालदीवने रिझर्व्ह बँकेशी असलेल्या करारातून १५ कोटी डॉलर उचलले. जानेवारी २०२१ मध्ये भारताने कोविशील्डचे एक लाख डोस दिले, ही पुण्यात बनलेली लस. १ फेब्रुवारीला लसीकरण सुरू झाले आणि पर्यटनातल्या कर्मचाऱ्यांना झपाट्याने लस देण्यावर भर राहिला.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीची न्याहारी-निवास घरे रिसॉर्टसारखी नाहीत, माफुशीसारखी आहेत. पुढच्या साथीची तयारी त्या हिशेबाने हवी. प्रत्येक गावात शौचालयासह दोन-तीन खोल्या विलगीकरणासाठी आधीच ठरवून ठेवाव्यात, शाळा रिकामी करायची वेळ येऊ नये. होडीवाले, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांची यादी ग्रामपंचायतीत तयार असावी, म्हणजे लस आणि मदत आधी त्यांच्यापर्यंत जाईल. आणि हंगामात प्रत्येक मुक्कामामागे थोडी रक्कम वेगळ्या निधीत पडावी. मालदीव प्रत्येक पाहुण्याकडून रोजचा हरित कर घेते, पण पर्यटक थांबताच तोही आटतो. म्हणून हा पैसा साथ येण्यापूर्वी साठवलेला हवा आणि दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही, असा नियम करूनच.

आपला,
एक वाचक