पहिल्या पावसातली शेळ्यांची वैरण

वर्तकनगर, ठाणे

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

काल तू मंगल कार्यालयातला उरलेला भात आणि पोळ्या शेळ्यांना घालायचं बोललास, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

तो भात आणि पोळ्या शेळ्यांना अजिबात घालू नकोस. फुकट मिळत असल्या तरी नको. शेळीच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यावरच तिचं सगळं चालतं. तिथं एकदम ढीगभर भात पडला की आम्लता चढते. शेळी रवंथ थांबवते, पातळ हगते, मान टाकून बसते, आणि उपचाराला उशीर झाला तर हातची जाते. गव्हाचं पीठ, मक्याचा भरडा अति झाला तरी हेच.

दुसरं, आता मिरगाचा पाऊस झालाय, म्हणजे माळावर कोवळं गवत फुटलं असेल. उन्हाळाभर सुक्यावर काढलेली शेळी त्यावर तुटून पडते. त्या गवतात बहुतेक पाणीच. पोट भरतं, अंगाला लागत नाही. वर पोटफुगी आणि आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष होणाऱ्या रोगाची भीती. आंत्रविषारात तर कळपातली चांगली खाऊनपिऊन असलेली करडंच आधी जातात. लस टोचून झाली का, ते कळव. करडांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तो विसरू नकोस.

सकाळी सोडण्याआधी प्रत्येकीपुढे वालाचं नाहीतर तुरीचं भुसकट टाक. नुसत्या भाताच्या पेंढ्यात कस नाही. दव-पाणी ओसरल्यावरच चरायला ने, पहिले काही दिवस तास-दीड तासच, मग हळूहळू वाढव. कुठलाही नवा चारा अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. संध्याकाळी गोठ्यात आल्या की डावी कूस बघ. फुगून ढोलासारखी वाजली तर वाट न बघता डॉक्टरांना बोलाव. लेंड्या सुट्या आणि गोल पडल्या तर पोट ठीक समजायचं.

शेळी मुळात झाडपाल्याची. फणस, उंबर, बोर, शेवरी यांचे डहाळे कापून उंच टांग, जमिनीवर टाकलेलं ती तुडवते आणि मग तोंड लावत नाही. सुबाभूळ दे, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. इथं जांभळी नाक्याच्या मंडईबाहेर फ्लॉवरचा पाला पडलेला दिसला की तुझी आठवण येते. मूठ-दोन मूठ चालतो, पोटभर दिला तर फुगतात.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला अडीच-तीन किलो हिरवा पाला, अर्धा किलो सुका चारा आणि पाव किलोच्या आत खुराक, म्हणजे भरडा-पेंड, पुरतो. काळी आणि तांबडी गाभण आहेत ना? शेवटच्या दीड महिन्यात करडू पोटात झपाट्यानं वाढतं, तेव्हा त्यांना खुराक थोडा चढता ठेव. व्यायल्यावर पहिल्या तासातच करडाला चीक पाज, वार पडायची वाट बघू नकोस. ईदसाठी राखलेल्या खच्ची बोकडांना मात्र नुसत्या धान्यावर फुगवू नकोस, मुतखड्यानं लघवी अडते.

खनिजाची चाटण वीट संपली असेल तर मुरबाडहून आण, ताईनं पैसे पाठवलेत. माझे डॉक्टर पुढच्या आठवड्यात सोडतील, मग मी येतोच.

तुझा,
आप्पा