बलाढ्य संघाशी जोड का लागत नाही?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लाखभर माणूस बसेल अशी महाविद्यालयांची स्वतःची मैदाने आणि शनिवारी तिथे लोटणारी गर्दी यांचे वर्णन करून लेखकाने शेवटी विचारले आहे की, आपल्या खान्देशातल्या महाविद्यालयांना यातले काहीच का जमू नये. पैशाचा भाग मी सोडून देतो. तो आपल्याकडे नाही आणि त्याचे दुःख करण्यातही अर्थ नाही. मात्र तिथले बलाढ्य संघ वर्षभर एकमेकांशी झुंजतात आणि म्हणूनच तिथला खेळ मोठा झाला, असे जे त्या लेखात गृहीत धरले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. आपल्या गटाबाहेरचा तगडा प्रतिस्पर्धी मिळवणे ही तिथल्या महाविद्यालयांचीही डोकेदुखी आहे, आणि तिचे कारण आपल्याकडच्या कारणाशी इतके जुळते की, जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून २९ वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे; लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि समोरच्याला अडवून पाडण्याचा हा खेळ आहे, आणि कबड्डी पाहिलेल्या माणसाला तो चार दिवसांत कळू लागतो. तिथले संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले आहेत. नेहमीच्या हंगामात प्रत्येक संघाला १२ सामने मिळतात. त्यांपैकी आठ किंवा नऊ स्वतःच्या कॉन्फरन्समध्येच ठरलेले असतात, आणि उरलेल्या तीन-चार सामन्यांसाठी प्रतिस्पर्धी ज्याचा त्याने शोधायचा असतो. अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यात २०१४ पासून चार संघ घेत असत, २०२४ पासून १२ घेतात, आणि त्यांची क्रमवारी एक निवड समिती ठरवते. कोण किती सामने हरला, याकडे या समितीचे पहिले लक्ष जाते. साऱ्या अडचणीचे मूळ इथे आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी मुलीकडे ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी होतो. ३० ऑगस्ट २०२५ रोजी तिथे आदल्या वर्षीचा विजेता ओहायो स्टेट आणि हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिला असलेला टेक्सास या दोन विद्यापीठांच्या संघांचा सामना झाला. हा गटाबाहेरचा सामना होता. दोघांनाही तो खेळण्याची सक्ती नव्हती. आम्ही तो घरी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि ओहायो स्टेटने १४-७ असा जिंकला तेव्हा गल्लीतून उठलेला आवाज ऐकून मला आमच्याकडच्या दंगलीतल्या हलगीची आठवण झाली. पुढे टेक्सासने एकूण नऊ सामने जिंकले, तीन गमावले, आणि डिसेंबरात १२ संघांची यादी निघाली तेव्हा तीत टेक्सासचे नाव नव्हते. ओहायोला गेलोच नसतो आणि त्या दिवशी एखाद्या दुबळ्या संघाला घरी बोलावून हरवले असते, तर आमचे दहा विजय आणि दोनच पराभव झाले असते, अशी त्यांच्या बाजूची तक्रार होती. तक्रार पूर्ण खरी नाही, कारण तो संघ फ्लोरिडासारख्या त्या वर्षी कमकुवत ठरलेल्या संघाशीही हरला होता. तरीही पुढच्या वर्षांचे सामने ठरवणाऱ्या प्रत्येक क्रीडा संचालकाने यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

उलट बाजूचे उदाहरण आदल्याच वर्षीचे आहे. २०२४ मध्ये इंडियाना विद्यापीठाने गटाबाहेरचे तिन्ही सामने सहज जिंकता येतील अशा संघांशी ठेवले. त्यामानाने तगड्या लुइव्हिल विद्यापीठाशी ठरलेले सामने त्यांनी आधीच रद्द केले होते. अकरा विजय आणि एक पराभव असा हिशेब झाला आणि इंडियाना पहिल्या बारात गेले. मी त्यांना दोष देत नाही. नियमाने जे शहाणपणाचे ठरवले, ते त्यांनी केले.

पैशाचा पेच याहून वेगळा आहे. घरच्या मैदानावरील एका सामन्याचे तिकिटांचे उत्पन्न इतके मोठे असते की, वर्षातून सहा-सात सामने घरीच व्हावेत असा प्रत्येक मोठ्या विद्यापीठाचा आग्रह असतो. तुल्यबळ संघ मात्र एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे, अशाच कराराला मान्यता देतो, आणि असे करार कित्येकदा आठ-दहा वर्षे आधी होतात. ज्याला बलाढ्य म्हणून निवडले, तो सामन्याचे वर्ष उजाडेपर्यंत ढेपाळलेला असू शकतो. त्यापेक्षा लहान संघाला मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलवावे, परतीची भेट द्यावी लागत नाही, विजयही बहुधा पदरात पडतो. बहुधा असे म्हणायचे कारण, २००७ च्या सप्टेंबरात मिशिगनने ॲपलाचियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या संघाला चार लाख डॉलर देऊन बोलावले आणि स्वतःच्याच लाखावर प्रेक्षकांसमोर ३४-३२ असा पराभव पत्करला. २०२४ मध्ये नोटर डेमने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले आणि ते १६-१४ असे हरले. विकत घेतलेल्या पाहुण्याने यजमानालाच चीतपट केल्याचा हा प्रकार आपल्याकडे झाला असता, तर चहाच्या टपरीवर वर्षभर पुरला असता. नोटर डेमने मात्र तो पराभव पचवला आणि त्याच हंगामात अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

या साऱ्यात सर्वांत कोंडी होते ती मधल्या संघांची, आणि मला त्यांच्याविषयीच अधिक बोलायचे आहे. बॉइझी स्टेट हे आयडाहो राज्यातले, मोठ्या कॉन्फरन्सबाहेरचे विद्यापीठ. २००६ च्या हंगामात ते एकही सामना हरले नाही, आणि १ जानेवारी २००७ रोजी त्याने ओक्लाहोमासारख्या नामांकित संघाला ४३-४२ असे हरवले. २००९ चा हंगामही त्याने अपराजित राहून संपवला. तरी अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याला दोन्ही वेळा जागा मिळाली नाही, कारण तुमच्या गटातले प्रतिस्पर्धी दुबळे आहेत, हे उत्तर तयार होते. मग बलाढ्यांशी खेळू म्हटले, तर बलाढ्य तयार होत नव्हते. जे तयार झाले, त्यांच्यापैकी काहींशी घरापासून हजारो किलोमीटर दूर जाऊन खेळावे लागले. अशा संघाला हरवले तर कौतुक होत नाही आणि त्याच्याकडून हरलो तर नाचक्की होते, म्हणून कोणीही शहाणा माणूस त्याच्या वाटेला जात नाही. त्याने मोठ्यांशी खेळल्याशिवाय त्याला मोठा म्हणायचे नाही, आणि मोठा म्हटल्याशिवाय मोठ्यांनी त्याच्याशी खेळायचे नाही, अशा कात्रीत तो सापडतो.

खान्देशातले महाविद्यालयीन कबड्डीचे संघ याच कात्रीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९० पूर्वी धुळे आणि जळगावची महाविद्यालये पुणे विद्यापीठात होती. तेव्हा विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची, तर पुण्या-नगरकडच्या मुलांसमोर उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आमची मुले तिथे मार खात, पण परत येताना दोन नव्या पकडी शिकून येत. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, ते योग्यच झाले. परीक्षेच्या एका कागदासाठी पुण्याची वारी करण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, ते याविषयी दुमत ठेवणार नाहीत. मात्र त्याबरोबर तो सक्तीचा तगडा प्रतिस्पर्धीही गेला, याचा विचार कोणी केला नाही. अमेरिकेत टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या शेजाऱ्यांचे असेच झाले: २०१२ मध्ये एकाने कॉन्फरन्स बदलली आणि शतकाहून जुनी त्यांची झुंज थांबली, २०२४ मध्ये दोघे पुन्हा एका कॉन्फरन्समध्ये आले, तेव्हाच ती परत सुरू झाली. मधल्या काळात अंतर वाढले नव्हते, चाहतेही तेच होते. सक्ती तेवढी उरली नव्हती.

नोकरीतल्या पहिल्या काही वर्षांत मी घाटावरच्या आणि कोकणातल्या महाविद्यालयांना सराव सामन्यांसाठी पत्रे पाठवीत असे. कोणाच्या परीक्षा असत, कोणाचे मैदान ओले असे, बहुतेकांचे उत्तरच येत नसे. एकदा एक नावाजलेला संघ भुसावळला उतरायला तयार झाला. आमची मुले मातीवर खेळणारी, पाहुणी मुले मॅटवर सराव केलेली; आमच्या पहिल्या चढाईपटूने बोनस घेण्यासाठी पाय टाकला आणि कोपऱ्यातल्या मुलाने त्याचा घोटा असा धरला की, पुढची दहा मिनिटे आमच्यापैकी कोणी बोनस रेषेकडे फिरकला नाही. दोन लोण चढून आम्ही दुपटीहून अधिक गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात विचारण्यात आले की, पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च करून महाविद्यालयाने हा पराभव का विकत घेतला. त्या मुलांपैकी तिघांनी पुढच्या वर्षी घोट्याची पकड सोडवायला शिकून दाखवली, पण ते दाखवायला अहवालात रकाना नव्हता. रकाना विजय-पराभवाचा होता.

इथे मी स्वतःचाही गुन्हा कबूल केला पाहिजे. काही वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान महाविद्यालयाच्या संघाने आमच्याशी सराव सामना मागितला. ती मुले मी एका स्पर्धेत पाहिली होती. अंगाने सडपातळ, पण चढाईत दम न सोडणारी आणि साखळी तोडून निघणारी. त्यांच्याशी हरण्याची शक्यता बरीच होती आणि त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तारखा शिल्लक नाहीत, असे मी त्यांना कळवले. तारखा होत्या. बाहेरच्या संघांनी मला जे उत्तर दिले, तेच मी त्या मुलांना दिले, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या भित्रेपणाचा आहे असे मला वाटत नाही.

आमच्याकडच्या यात्रांतली कुस्त्यांची दंगल या बाबतीत अधिक समंजस आहे. पंच पहिलवानांचे अंग पाहून, हात हातात देऊन जोड लावतात. थोरल्या पहिलवानाशी काटा कुस्ती करून बरोबरीत सुटलेल्या धाकट्याला फडावरचे लोक खिशातून बक्षीस देतात, हरलेल्याचीही पाठ थोपटली जाते, आणि दुबळा गडी समोर घेऊन झटपट चीत करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. दंगलीतही नूरा कुस्त्या होतात, हे मला माहीत आहे; पण कोणाशी खेळला हे तिथे प्रेक्षकही मोजतो.

अमेरिकेत आता तेच नियमाने करण्याची धडपड चालू आहे. २०२५ च्या हंगामापासून निवड समितीच्या मोजमापात प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीला अधिक वजन देण्यात आले. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०२६ पासून गटातले सामने आठांवरून नऊ केले असून, त्याशिवाय गटाबाहेरच्या एका बलाढ्य संघाशी दरवर्षी खेळणे प्रत्येक सदस्याला बंधनकारक केले आहे. सर्वांनाच खेळावे लागले, म्हणजे कोणा एकाला धाडसाची किंमत मोजावी लागत नाही.

लेखकाला अमेरिकेकडून काही आणायचेच असेल, तर ही तरतूद आणावी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी प्रत्येक संघाने आपल्या विद्यापीठाबाहेरच्या एका संघाशी खेळलेच पाहिजे, त्या सामन्याचा निकाल कोणत्याही अहवालात विजय-पराभव म्हणून धरू नये, आणि त्याच्या प्रवासभत्त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे, हा त्यांचा रिवाज आपल्याला सहज पेलणारा आहे, कारण आपल्याला विमानाची गरज नाही. भुसावळहून बऱ्हाणपूर जवळ आहे, नंदुरबारहून सुरतची गाडी आहे, चाळीसगावहून नाशिक आहे आणि धुळ्याहून इंदूरचा रस्ता थेट आहे. महिना मात्र विचार करून निवडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमची निम्मी मुले कापूस वेचायला शेतात असतात, आणि सहामाही परीक्षाही त्याच सुमारास येतात. पोळा झाल्यावर आणि वेचणी लागण्याआधी जे तीन-चार आठवडे मिळतात, ते मला सर्वांत सोयीचे वाटतात. त्या दिवसांत पावसाने मैदान चिखलाचे असते, तेव्हा सभागृहात अंथरण्यासाठी जिल्ह्यागणिक एक मॅट सामायिक ठेवावी लागेल.

आणि पहिल्या वर्षीच्या जोड्या ठरवताना सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या महाविद्यालयाचे पत्र कोणाकडे आले, तर तारखा नाहीत असे कृपया कळवू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक,
अमळनेर, जि. जळगाव