खर्ज सांभाळणारं पेडल

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंडू,

तुझं पत्र परवा आलं. बेस गिटार घेतलीस आणि महिनाभरात बँडमध्ये उभाही राहिलास, हे वाचून इतका आनंद झाला की ते पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. खाली तू पाच पेडल्सची, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलणाऱ्या पेट्यांची, यादी दिली आहेस: डिस्टॉर्शन, ऑक्टेव्ह, एन्व्हलप फिल्टर, कोरस, कंप्रेसर. साठवलेले सगळे पैसे त्यात घालायचे म्हणतोस. थोडा थांब. आधी गेल्या गणपतीत काय झालं ते ऐक.

साताऱ्याच्या अलीकडे एका गावात कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात माझा बेस गेला. ड्रम चालू, कीबोर्ड चालू, गायिका गातेय, आणि खाली खर्ज नाही. समोरच्या माणसांना नेमकं काय गेलं ते कळलं नसेल, पण नाचणाऱ्यांचे पाय मंदावले. मी गिटारची कॉर्ड, म्हणजे केबल, बदलली, अँप बघितला. शेवटी सापडलं ते हे की कंप्रेसरमध्ये, म्हणजे आवाजाचा चढउतार सारखा करणाऱ्या पेडलमध्ये, घुसवलेली अडॅप्टरची पिन सैल झाली होती. आणि त्या गाण्यात मी कंप्रेसर वापरतही नव्हतो! तो बंद होता, तरी सगळा आवाज त्यानेच अडवला.

असं का झालं, ते नीट समजून घे. बऱ्याच पेडल्समध्ये बफर असतो, म्हणजे आवाजाला बळ देणारं छोटं सर्किट. पेडल बंद असलं तरी तुझा आवाज त्याच्या सर्किटमधूनच पुढे जातो. वीज गेली की आवाज गेला. दुसऱ्या जातीत, म्हणजे ट्रू बायपासमध्ये, पायाखालचा स्विच आत जाणारी तार थेट बाहेर जाणाऱ्या तारेला जोडतो. ते पेडल वीज नसतानाही बंद स्थितीत आवाज जाऊ देतं. पण तो यांत्रिक स्विच पायाचे दणके खाऊन झिजतो आणि त्याचं सोल्डरिंग सुटतं. शिवाय सहा-सात ट्रू बायपास पेडल्स आणि लांब कॉर्ड असली की तारेवरच्या बोटाच्या आवाजाची धार बोथट होते. म्हणून रांगेत एखादा चांगला बफर मला हवाच वाटतो. आपलं कोणतं पेडल कोणत्या जातीचं आहे हे मात्र पाठ पाहिजे. पेडल्स एकापुढे एक जोडलेली असतात. पाचांतलं एक गेलं तरी बेस पूर्ण गेला. गिटारवाला गप्प झाला तर कीबोर्डवाला सावरून घेतो, आपली जागा घेणारं तिथे कोणी नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी ट्यूनर, मग डीआय (बेस थेट मिक्सरला जोडून देणारी पेटी), आणि बाकीचं सावकाश.

ट्यूनर यादीत नाही म्हणून मी तो सगळ्यांत वर लिहितोय. बॉसचा टीयू-3 घेतलास तर कित्येक वर्षं दुसरीकडे बघायला नको. जड धातूची पेटी, आणि पाय दिला की आवाज पूर्ण बंद, म्हणजे तार सुरात लावताना मंडपाला ते ऐकावं लागत नाही.

डीआय तर तुला कोकणात पदोपदी लागेल. गावोगावच्या कार्यक्रमांत बेसला अँप मिळेलच असं नाही. साउंडवाला सरळ मिक्सरमध्ये कॉर्ड खुपसतो आणि आवाज कागदासारखा येतो. टेक 21 कंपनीचं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय 1992 पासून बाजारात आहे आणि आजही बेसवाले ते घेऊन फिरतात. अँपचा पोत त्यातच मिळतो, एक्सएलआर केबलने थेट मिक्सरला जाता येतं, आणि अडॅप्टर दगावला तर त्याच केबलमधून मिक्सरकडून येणाऱ्या विजेवर, म्हणजे फँटम पॉवरवर, ते चालतं. त्या रात्रीनंतर हा गुण मला सोन्यासारखा वाटतो. एमएक्सआरचं एम 80 हेही याच कामाचं, त्यात डिस्टॉर्शनही आहे. दोन्ही वाजवून बघ.

जनरेटरवर हम्म् असा आवाज आला तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबून बघ. पण कोणी कितीही सांगो, अँपच्या प्लगची अर्थची पिन काढायची नाही. तिथे जिवाशी गाठ आहे, बंडू.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला खरखर आणणारं पेडल. तुझा गिटारवाला त्याचं जुनं पेडल फुकट देतोय, ते घेऊ नकोस. गिटारची जाड तार 82 हर्ट्झवर बोलते, आपली ई तार त्याच्या निम्म्यावर, 41 वर. पाच तारांच्या बेसची बी तार तर 31 वर. ट्यूब स्क्रीमरसारखं गिटारचं पेडल साधारण 720 हर्ट्झच्या खालच्या भागाला मुद्दामच कमी चढवतं, कारण गिटारला तिथे गढूळपणा नको असतो. आपण राहतो नेमके तिथेच. घरी एकट्याने वाजवताना आवाज भरघोस वाटतो आणि ड्रम सुरू झाले की बेस नाहीसा होतो. म्हणून बेसचं डिस्टॉर्शन घेताना त्यावर ब्लेंडचा नॉब आहे का ते आधी बघ. त्याने मूळ स्वच्छ आवाज खाली तसाच राहतो आणि खरखर वर चढते. बॉसच्या ओडीबी-3 वर त्याला बॅलन्स म्हणतात, डार्कग्लासच्या बी3के वर ब्लेंडच. सॅन्सअँपवरही तो आहे, त्यामुळे पहिलं वर्षभर तुला वेगळं डिस्टॉर्शन लागेल असं मला वाटत नाही.

ऑक्टेव्हचा, म्हणजे वाजवलेल्या स्वराखाली एक सप्तक खालचा स्वर जोडणाऱ्या पेडलचा, मोह मला कळतो. बॉसचं ओसी-2 1982 मध्ये आलं, आणि त्याचा तो गोल, रबरी आवाज अजून लोक शोधत फिरतात. पण मोकळ्या ई तारेच्या खाली अजून एक सप्तक म्हणजे जेमतेम 20 हर्ट्झ. मंडपातले स्पीकर तिथे हवा हलवतील, सूर देणार नाहीत. वरच्या पडद्यांवर, एका वेळी एकच स्वर वाजवलास तरच ते खुलतं.

आणि फिल्टर. फंक बेसवादक बूट्सी कॉलिन्सच्या म्यू-ट्रॉन या फिल्टर पेडलचा आवाज तुला अकरावीपासून वेड लावतो, हे मला ठाऊक आहे. पण ते पेडल तुझ्या बोटाच्या जोरावर उघडतं-मिटतं. हात अजून समान पडत नसेल तर एक स्वर ओरडेल, दुसरा गिळला जाईल. सहा महिने हात बसू दे, मग घे. घेशील तेव्हा कंप्रेसरच्या आधी जोड, नाहीतर कंप्रेसर जोराचा फरकच पुसून टाकेल. कोरस राहू दे.

उरलेल्या पैशांत चांगला पॉवर सप्लाय घे, ज्याचं प्रत्येक आउटपुट एकमेकांपासून अलग असतं असा. एकाच अडॅप्टरला शेपटी लावून सगळी पेडल्स जोडली की, विशेषतः त्यात एखादं डिजिटल असलं, तर बारीक कुईं ऐकू येते. नऊ व्होल्ट, मधला भाग निगेटिव्ह, आणि किती मिलिअँपिअर लागतात, हे तिन्ही प्रत्येक पेडलवर वाचून घे.

जुनं पेडल घेत असशील तर वाजवण्याआधी हलवून बघ. जॅक हाताला डुगडुगतो का, नॉब फिरवताना चरचरतो का, बॅटरीच्या खणात पांढरी बुरशी आहे का. स्विच वीस-तीसदा दाब. लाजू नकोस, पैसे तुझे आहेत. आणि रत्नागिरीच्या पावसात पेडल्स उघडी ठेवू नकोस. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, बॅटऱ्या काढून ठेव.

दिवाळीनंतर ये. तुझा बेसही आण. माझ्या कंप्रेसरमधून आणि डीआयमधून तुझ्याच बोटांनी वाजवून बघ, मग ठरव. मी त्या रात्रीपासून पिशवीत एक लांब कॉर्ड वेगळी ठेवतो, गिटारमधून सगळं टाळून थेट अँपला. तशीच एक तुझ्यासाठी सोल्डर करून ठेवलीये.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या