शांतिपर्वावरच्या पेपराविषयी

प्रिय माधव,

तुझा आराखडा वाचला. महाभारताच्या शांतिपर्वावरच्या एकाच पेपरात इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य तिन्ही आणायचं तू ठरवलं आहेस. जरूर आण, फक्त एका शाखेचा पुरावा दुसरीच्या दाव्याला लावू नकोस. असे पेपर बऱ्याचदा तिथेच अडकतात.

आधी संहितेचं मिटव. तू सगळीकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती धरली आहेस. 1919 ते 1966 चाललेलं, 1,259 पोथ्यांवर उभं राहिलेलं ते काम. त्याबद्दल आदरच आहे. पण ती संहिता पोथ्यापोथ्यांतले पाठभेद तोलून संपादकांनी सिद्ध केलेली आहे. सतराव्या शतकातल्या वाचकापुढे ती जशीच्या तशी नव्हती. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, ही कथासुद्धा तिच्या मुख्य पाठात नाही! तुझ्या तिसऱ्या भागातला दावा सतराव्या शतकातल्या वाचनाबद्दल आहे, तेव्हा तिथे त्याच शतकातले टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांचा पाठ घे. अध्याय आणि श्लोकांचे क्रमांक दोन्हींत वेगळे पडतात, म्हणून प्रत्येक उताऱ्याशी आवृत्तीचं नाव हवंच.

पोथ्यांच्या तारखाही पुन्हा तपास. शकात तू सरसकट 78 मिळवले आहेस. तिथी 1 जानेवारीनंतर पण चैत्र लागण्याआधी येत असेल तर 79 मिळवावे लागतात. पौष 1 जानेवारीच्या दोन्हीकडे पडू शकतो, म्हणून जंत्री (तिथी-तारखांचा मेळ देणारं कोष्टक) बघ. शिवाय लेखनिक कधीकधी समोरच्या पोथीची पुष्पिका, म्हणजे शेवटची लेखनाची नोंद, तारखेसकट उतरवून ठेवतो आणि नवी पोथी उगाच म्हातारी ठरते. कागद आणि अक्षरवळण त्या तारखेशी जुळतं का, हे पाहिल्याशिवाय ती वापरू नकोस.

खरा घोळ तत्त्वज्ञानाच्या भागात आहे. ‘महाभारत म्हणतं’ असं तू वारंवार लिहितोस, पण म्हणतं कोण? पंचशिख हा सांख्य आचार्य जनकाला सांगतो, ते भीष्म युधिष्ठिराला सांगतात, आणि तो सगळा संवाद वैशंपायन जनमेजयाला ऐकवतो. त्यात पंचशिखाच्या बोलण्यात नास्तिकांची मतंही येतात. खोडण्यासाठी मांडलेलं मत ग्रंथाचं मत म्हणून उचललंस, तर तत्त्वज्ञानवाला परीक्षक पुढचं पान उलटणार नाही. एक तक्ता कर: श्लोक, वक्ता, श्रोता आणि विधान पूर्वपक्षाचं (खोडण्यासाठी मांडलेलं) की सिद्धांताचं (शेवटी मान्य केलेलं). शेवटचा रकाना भरता येत नसेल तर त्या श्लोकावर युक्तिवाद उभा करू नकोस. नीलकंठांची अद्वैती टीका या तक्त्यात घालू नकोस, तिचा वेगळा कर. साहित्याच्या अंगानं बोलायचं असेल तर ही संवादात संवादाची रचनाच तुझा विषय आहे. उपमा-रूपकांची चार पानं सरळ काढून टाक, ती कुठल्याच दाव्याला लागत नाहीत.

पेपर आठ हजार शब्दांचा धरलास तर पार्श्वभूमी हजारात आटप. पाठवताना संपादकाला लिही की मुख्य दावा कोणत्या शाखेचा आहे. नाहीतर एक परीक्षक इतिहासाचा आणि दुसरा साहित्याचा येतो आणि दोघं उलट्या दुरुस्त्या सुचवतात. तसं झालंच तर दोघांनाही खूश करायला जाऊ नकोस; कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, ते मुद्द्यागणिक संपादकाला कळव.

तक्ता झाला की आधी तोच पाठव, पेपर नंतर.

तुझा,
श्रीधर