दाढीचं पार्सल

महाल, नागपूर
शुक्रवार, रात्री साडेनऊ

चि. चिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

उंदरांनी नाही, मीच काढली दाढी पेटीतून. वेशभूषेच्या पेटीतली गाडगेबाबांची दाढी कुठे गेली, असं फोनवर तू एकदम विचारलं आणि माझ्या तोंडून उंदीर निघून गेला. तुझी आई समोरच बरबटीच्या शेंगा तोडत बसली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पुढे तू जे जे बोलली ते तिनं स्पीकरवर ऐकलं आणि मान डोलावली. म्हणजे घरात माझ्या बाजूनं कोणीच नाही.

मे महिन्यात तुम्ही निघायच्या आदल्या रात्री काढली. जावईबापूंनी पेटीला सुतळी बांधली त्याच्या आधी. पोलिसाचा ड्रेसही मीच ठेवून घेतला, त्याचं कापड मला कधीच आवडलं नाही. बाकी सगळं तसंच आहे. पुठ्ठ्याचा जिरेटोप, तुकडोजी महाराजांची खंजिरी, आजोबांच्या काळ्या कोटाचा वकील, हिरव्या कटपीसची जिजाबाई. कोळणीची टोपली तेवढी बुलडाण्याच्या आत्याकडे गेली ती गेलीच, ते प्रकरण आता काढायला नको.

दाढीचंही काढणार नव्हतो. पत्रात फक्त खुशाली लिहायची असं ठरवूनच बसलो होतो. तर खुशाली अशी: पाऊस दोन दिवस थांबून आहे, उकडते भयंकर. पोळा नऊ दिवसांवर आला. मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्यांचं काम सुरू झालं. काळी १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, पण गोलूला अजून एकदाही दाखवली नाही तुम्ही. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघते, शाळेला एक दिवस दांडी मारली तर काय बिघडते? जाऊ दे.

तुमच्या सोसायटीतली विदर्भाची मंडळी तान्हा पोळा करून राहिली हे ऐकून मात्र फार बरं वाटलं. लाकडी नंदी घेऊन पोट्टे पुण्यात फिरणार, बोजाऱ्याचे पैसे मागणार! नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केलं म्हणतात, कुठून कुठे गेलं पहा. आणि गोलू गाडगेबाबा होणार, तुझ्याच कपड्यांत. म्हणून तर सांगतो की ओवाळताना त्याला निरांजनाजवळ वाकू देऊ नको.

तू ती गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगते, ‘बाबांनी माझी दाढी जाळली.’ तुझ्या लग्नातही सांगितली, मांडवात सगळे हसले. मीही हसलो. पण चिमा, तू सहा वर्षांची होती, तुला वरून दिसलं. मला समोरून दिसलं.

दाढी मी केली होती. मलमलीची पट्टी, गव्हाच्या पिठाची खळ आणि केमिस्टकडचा कापसाचा अख्खा गुंडाळा. इतकी छान झाली की वाड्यातल्या बाया पाहायला आल्या. मीही फुगलो. नंदीला ओवाळायला तूच ताट घेतलं, आणि वाकली. भडका नाही, आवाज नाही. नुसती एक निळसर रेघ हनुवटीपासून कानापर्यंत पळत गेली. मी तळहातानं दाबली. आईनं नंदीच्या पायांवर घालायला आणलेला तांब्या तुझ्या तोंडावर उपडा केला. सगळं मिळून पाच आकडे मोजण्याइतका वेळ. आणि तू रडली ती भाजलं म्हणून नाही, ‘माझी दाढी गेली’ म्हणून.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, थोडक्यात निभावलं. हनुवटीखालचा डाग तेवढा राहिला. तू त्याला तीळ म्हणते.

त्यानंतरही तू वेशभूषेच्या स्पर्धेला गेलीच. मी नाही म्हणत होतो, आई हो म्हणत होती, तू ऐकणारी नव्हतीच. ओले कपडे, उरलेल्या दाढीच्या जागी काजळ, हातात खराटा. स्टेजवर जाऊन बोलायचं ते सगळं विसरली आणि गुपचूप स्टेज झाडायला लागली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. परीक्षक थांबा म्हणाले तरी शेवटचा कचरा गोळा करूनच खाली उतरली. तिसरा नंबर. पहिला आला तो टीव्हीचं खोकं घालून आलेला पोट्टा, अजूनही मला ते पटलेलं नाही. तुझ्या बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यात आई जिरं ठेवते. पाहुणे आले की मी तो डबा मुद्दाम बाहेर काढतो, हे तिनं तुला सांगितलं असेलच.

गोलूला बाबा कोण होते ते आधी सांग, नुसती दाढी चिकटवून उभा करू नको. शेंडगावचा माणूस, अमरावतीकडचा. आधी गाव झाडायचा आणि मग रात्री कीर्तनात बोलायचा. गाडगं खापराचंच घे, प्लॅस्टिकचं नको. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच असायची त्यांच्या. काचेऐवजी पुठ्ठा रंगव. कवडी दोऱ्यानं बांध, सुटी राहिली तर गोलू तोंडात घालेल. अंगरख्याचा मांजरपाट आजोबांनी एम्प्रेस मिलमधून आणलेला. मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, बाबांचा जन्म फेब्रुवारी १८७६ चा. म्हणजे गिरणी आणि बाबा जवळपास एकाच वयाचे. हे मला परवाच सुचलं, तुला सांगायचं होतं.

आणि काही झालं तरी भाड्याचा ड्रेस आणू नको. एकतीस वर्षं मी गांधीबागेत कापडाच्या काउंटरवर उभा होतो. गिऱ्हाईक ‘शुद्ध सुती आहे का’ म्हणून वाद घालायचं, तेव्हा एक धागा ओढून काडी लावायची. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख हातावर चुरते. पॉलिस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि टोकाला काळा कडक मणी होतो. तो मणी गरम असताना कातडीला लागला तर चिकटतो. पण सुती म्हणजे निर्धास्त असंही नाही, सूत पेटते जोरात. पिंजलेला कापूस तर विचारूच नको. लोकर मात्र धुमसते, केस जळल्यासारखी घाण सुटते आणि ज्योत गेली की बहुतेक आपोआप विझते. म्हणून गळ्याशी नाडी नको, मागून वेल्क्रो लाव, ओढलं की निघालं पाहिजे. ओढणीसारखं लोंबतं काही नको. दिव्याचं ताट मोठ्या माणसाच्या हातात, पाण्याची बादली...

आई म्हणते, पत्र आहे की अग्निशमन दलाचं परिपत्रक?

बरं, चुकलं माझं. तू स्वतः एका पोराची आई आहे, दोन वर्षं एकटीनं तिथलं घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण सगळं सांभाळलं. तुला निरांजन कुठे ठेवायचं हे मी सांगायची गरज नाही. परवा तू म्हणाली, ‘बाबा, तुम्ही अजून त्या अंगणातच उभे आहात.’ त्या रात्री मला झोप आली नाही, पण तू चूक बोलली असं नाही. न विचारता तुझ्या पेटीत हात घातला, ते वाईट केलं. पेटी तुझी आहे.

म्हणून पार्सल पाठवतो आहे. माझा बिनबाह्यांचा पांढरा स्वेटर आईनं उसवला आणि लोकरीची दाढी केली. शुद्ध लोकर आहे, दुकानातून मीच निवडून घेतला होता. मागे वेल्क्रो लावला आहे, गोलूच्या डोक्याचं माप तू मे महिन्यात टोपीसाठी दिलं होतं तेच धरलं. सोबत संत्रा बर्फी आहे, जावईबापूंना आधी दे, नाहीतर गोलू उरू देत नाही. पोलिसाचा ड्रेस पाठवत नाही. त्यावर पुन्हा भांडायचं असेल तर रविवारी फोन कर, मी घरीच आहे.

फोटो पाठव. स्टेज झाडतानाचा असला तर फार छान.

तुझा
बाबा

ता. क. दाढीचं डावं टोक थोडं आखूड दिसेल. आईच्या हातून चुकलं नाही. मी काडी लावून पाहिली.