फॉरमॅट मारण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कॉम्प्युटर रखडतो म्हणून दुकानदार 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणाला, तरी लगेच तो रिक्षात घालू नका. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. तो शेवटचा उपाय. फोनवर सांगायला लागले की तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि आई मागून दुसरंच काहीतरी सांगते, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

तुम्हाला दोघांनाही काहीही डिलीट करायची धास्ती वाटते. पण विंडोज आणि त्यातले प्रोग्रॅम काम करताना स्वतःपुरत्या बऱ्याच तात्पुरत्या फाइल्स लिहितात. पतपेढीत तुम्ही आधी कच्च्या कागदावर बेरीज मारून मग रोजमेळात उतरवायचात ना, तशा. प्रोग्रॅम नीट बंद झाला की बहुतेक वेळा तोच त्या काढून टाकतो. मधेच लाइट गेली तर मात्र त्या तशाच पडून राहतात, काही तर अर्धवट लिहिलेल्या. आपल्याकडे लाइट किती जाते ते मी काय सांगू! आणि इन्व्हर्टर पंख्याला आहे, कॉम्प्युटरला नाही.

तर आधी सगळे प्रोग्रॅम बंद करा. कीबोर्डवरचं खिडकीच्या चित्राचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत टी-ई-एम-पी, परत टक्क्याचं चिन्ह, मधे जागा न सोडता, आणि एंटर. फोल्डर उघडेल. कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा आणि डिलीट करा. काही फाइल्स 'वापरात आहे' म्हणून अडतील, तिथे स्किप करा. मग रीसायकल बिन रिकामा करा, नाहीतर जागा सुटत नाही. या फोल्डरमध्ये तुमचा एकही फोटो किंवा हिशेब नाही, निर्धास्त राहा.

दुसरा रस्ता सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असा. इथे मात्र सावध. त्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. त्याच्यासमोर खूण करायची नाही! बाबा, तुमची पेन्शनची कागदपत्रं आणि आईचे रिपोर्ट सगळे तिथेच पडलेत. ते तात्पुरत्या फाइल्सच्या यादीत कशाला ठेवतात, मला अजून कळलेलं नाही.

त्याच यादीत 'थंबनेल्स' दिसेल. ते खुशाल काढा. आई, तुला फोटोंच्या जागी काळे चौकोन आणि भलत्याच फोटोची चित्रं दिसत होती ना, ती फोटोंची छोटी चित्रं साठवलेली फाइल बिघडली की असं होतं. मूळ फोटो शाबूत आहेत. फाइल काढली की विंडोज ती पुन्हा बनवतं.

बँकेचं पान अर्धवट उघडतं, बटण दाबलं तरी हलत नाही, याला ब्राउझरची कॅश कारण असू शकते. पानं लवकर उघडावीत म्हणून ब्राउझर त्यांचे तुकडे डिस्कवर ठेवतो. तो तुकडा जुना किंवा खराब झाला की पान बिघडतं. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, वर 'ऑल टाइम' निवडा आणि फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' एवढ्यालाच खूण ठेवा. कुकीज, म्हणजे साइट तुम्हाला ओळखते त्या खुणा, काढल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल आणि पासवर्ड शोधायला आई परत ती डायरी काढेल. नंतर पहिल्यांदा पानं जरा हळू उघडतील, कारण सगळं नव्याने येतं.

शेवटी रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. शटडाउनमध्ये विंडोज पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून आपली काही अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं.

एवढ्याने कॉम्प्युटर विमानासारखा पळेल असं मी म्हणत नाही. आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, गच्च भरल्यामुळे जो अडकतो तेवढा सुटेल. तरीही रखडला तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवू, नव्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारं कोणतंही फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला, तर बोलत न बसता ठेवून द्या. कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही. चुकून पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला.

हे सगळं करण्याआधी 'धिस पीसी'त सी ड्राइव्हपुढे किती जीबी मोकळे आहेत ते लिहून ठेवा आणि झाल्यावर पुन्हा बघा. दोन्ही आकडे रविवारी फोनवर सांगा, मग एसएसडीचं ठरवू.

तुमची लेक