कॅप्टनला उठवायचं कधी

मुक्काम : अरबी समुद्र

ति. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

फोनवर भांडण झालं की आपल्याकडे दोन दिवस कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. दादाला प्रिंट काढून आणायला सांगितलंय, बाबांना मोबाईलवर एवढं वाचवत नाही. आईने मोठ्याने वाचावं आणि बाबांनी मध्ये बोलू नये.

सोळा दिवस! आईचं मनगट मोडून प्लास्टर चढल्याला सोळा दिवस झाल्यावर मला कळलं, तेही चष्मा सावरताना तिचा डावा हात चुकून कॅमेऱ्यासमोर आला म्हणून. तोवर रोज व्हिडिओ कॉल होतच होते. आई जरा तिरकी बसायची, हात पदराखाली. मेथी बाबा निवडत होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, ज्याने घरात कधी कोथिंबिरीची काडी मोडली नाही, तो मांडीवर परात घेऊन मेथी निवडतोय आणि मी म्हणतेय, "वा बाबा, रिटायरमेंट मानवली तुम्हाला!" नजर ठेवायचा पगार घेते मी. कंपनीला हे कळलं तर परत घेतील.

"तू जहाजावर. उगाच कशाला तुझ्या डोक्याला ताप." आईच्या या वाक्यावर मी चार दिवस धुमसत होते. मग आठवलं की असंच काहीतरी मी स्वतः मागच्या महिन्यात मनाशी म्हटलं होतं, रात्री दीड वाजता, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभी राहून. तुम्हाला ते सांगितलं नव्हतं, म्हणजे लपवाछपवीत मीही काही मागे नाही. आता सांगते, पण नीट, सुरुवातीपासून. नाहीतर आईला त्यातलं 'धडक' एवढंच ऐकू येईल. धडक झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

२०१० चा ऑगस्ट आठवतोय? मी शाळेत होते. टीव्हीवर दिवसभर ते एका कुशीवर कललेलं जहाज दाखवत होते, एमएससी चित्रा, आणि त्याच्यावरून पाण्यात घरंगळलेले कंटेनर. ते न्हावा शेव्यातून बाहेर निघालं होतं, खलिजिया नावाचं दुसरं जहाज आत येत होतं, आणि भर सकाळी बंदराच्या तोंडाशी दोन्ही आदळली. तेल सांडलं, कंटेनर वाटेत तरंगत राहिले, काही दिवस जहाजांची ये-जाच बंद. आई तेव्हा म्हणाली होती, "एवढा समुद्र पडलाय, त्यात एकमेकांवरच कशी जातात?" आणि बाबा म्हणाले होते, "कसारा घाटात पण आभाळ केवढं असतं."

बाबा, त्या एका वाक्यात तुम्ही जे सांगितलंत ते मला कॉलेजात शिकायला एक सेमिस्टर लागलं. समुद्र मोठा असला तरी सगळ्यांना त्याच बंदरात जायचं असतं, त्याच टोकाला वळसा घालायचा असतो, पाणी खोल असतं तेवढ्याच पट्ट्यातून जायचं असतं.

तुम्ही माझ्याकडून आरओआर पाठ करून घ्यायचात ते दिवस आठवतात. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, तोंडी परीक्षेला शब्दन् शब्द लागायचे. तुम्ही पुस्तकावर बोट ठेवून बसायचात, इंग्रजी अर्धंच कळायचं, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला की "पुन्हा". नियम ५ तर तुम्हालाच पाठ झाला होता : प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ, डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने नजर ठेवायची. तुम्ही म्हणाला होतात, यात नवीन काय, रातराणी नेताना आम्ही दुसरं काय करतो.

आईसाठी थोडक्यात. रात्री प्रत्येक जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्याला लाल, डोलकाठीवर पांढरे. माझ्या उजवीकडून एखादं जहाज आडवं येत असेल तर मला त्याचा लाल दिवा दिसतो आणि त्याला माझा हिरवा. लाल दिसला त्याने वाट द्यायची, हिरवा दिसला त्याने आपला वेग आणि दिशा धरून चालत राहायचं. अगदी तीन हात नाक्यावरच्या सिग्नलसारखं. समोरासमोर आलो तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, म्हणजे बाबांच्या रस्त्याच्या बरोब्बर उलटं.

आणि टक्कर होणार आहे हे कळतं कसं, तर तेही बाबांना माहीत आहे. फाट्यावर आडव्या रस्त्याने ट्रक येतोय आणि तो तुमच्या काचेत एकाच ठिकाणी चिकटून नुसता मोठा होत चाललाय, मागे सरकत नाही की पुढे, तर तो तुमच्यावरच येतोय. आम्ही त्याला बेअरिंग म्हणतो. होकायंत्रावरून दुसऱ्या जहाजाची दिशा घ्यायची, थोड्या वेळाने पुन्हा घ्यायची. आकडा तोच आणि अंतर कमी, की समजायचं. फरक एवढाच की तुमच्या पायाखाली ब्रेक असतो. आमचं जहाज पूर्ण वेगात असलं की थांबायला मैल-दोन मैल खातं. आणि पूर्ण वेग म्हणजे किती? सोळा नॉट, ताशी तीसेक किलोमीटर! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटलेली रिक्षाही आम्हाला मागे टाकेल.

तर मागच्या महिन्यात आम्ही न्हावा शेव्याहून संध्याकाळी निघालो, कोलंबोसाठी. तुम्हाला घरी येऊन भेटायलाही वेळ मिळाला नव्हता, ते वेगळंच. माझा वॉच नेहमीचा, रात्री बारा ते चार. कॅप्टन आदल्या पहाटेपासून जागे होते, बंदरातली कागदपत्रं, बंदरातून वाट दाखवणारा पायलट, बाहेर पडतानाची गर्दी. साडेअकराला ते खाली गेले ते अक्षरशः भिंत धरत. नाईट ऑर्डर बुकात त्यांनी नेहमीचं लिहून ठेवलं होतं : कुठलंही जहाज दोन मैलांच्या आतून जाणार असं दिसलं तर मला बोलव. शंका आली तर बोलव. खाली माझी सही.

समुद्र निपचित होता. लुकआउटला, म्हणजे नजर ठेवायला, माझ्यासोबत देवगडकडचे एक एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, पन्नाशीचे, मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना काका. ब्रिजवर मिट्ट काळोख ठेवतो आम्ही, डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो म्हणून वॉच घेण्याआधीच थोडा वेळ तसं उभं राहायचं. एक वीसला उजवीकडे दोन पांढरे दिवे दिसले, मग त्यांच्याखाली लाल. बल्क जहाज, म्हणजे सुटा माल नेणारं, जयगडकडे निघालेलं. बेअरिंग २००, अंतर नऊ मैल. एक सव्वीसला पुन्हा घेतलं. बेअरिंग २००, अंतर सात.

वाट मी द्यायची होती, उजवीकडे वळून. पण उजवीकडे मच्छीमार बोटींचा थवा. हल्ली बोटींवर लाल-निळ्या-हिरव्या एलईडी माळा लावतात, उघडझाप करणाऱ्या, लांबून गणपतीचा मांडव वाटतो. त्यांतल्या बऱ्याच बोटी एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रावर, दिसत नाहीत आणि लाकडी बोटीचा राडारवर ठिपका म्हणजे आला तर आला. मला वाटलं या अगदी जवळ आहेत, जास्त वळले तर जाळ्यांत घुसेन. काका म्हणाले, "मॅडम, ते लांब आसत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फोन हाताशी होता, एक बटण दाबलं की कॅप्टनच्या उशाशी वाजतो. मी हात नेला आणि मागे घेतला. म्हटलं, आत्ता कुठे झोपलेत, उगाच कशाला. शिवाय खरं सांगायचं तर या जहाजावर डेकवर मी एकटीच बाई आहे, आणि 'मॅडमना जमलं नाही' हे चार तोंडांनी मेसमध्ये पोचलेलं मला नको होतं.

मग मी पाच अंश उजवीकडे वळवलं. थोड्या वेळाने अजून पाच. संगणक म्हणाला, आता ते अर्ध्या मैलावरून जाईल. मी मनात म्हटलं, जमलं की.

नियम ८ मध्ये नेमकं हेच करू नका असं लिहिलंय, बाबा. जे करायचं ते वेळेवर, ठळकपणे, समोरच्याला दिसेल असं. थोडं-थोडं वळणं समोरच्याला कळतच नाही, त्याला माझा हिरवा दिवा आधी दिसत होता तसाच दिसत राहणार. एसटीत तुम्ही स्टिअरिंग बोटभर फिरवून समोरच्या ट्रकला 'मी बाजूला होतोय' असं सांगाल का?

एक बत्तीसला अंतर पावणेपाच मैल. म्हणजे जेमतेम चौदा मिनिटं. काका काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे वळून उभे राहिले. तेव्हा मी फोन केला.

कॅप्टन बनियनवर आले. दिवा नाही, प्रश्न नाही. पहिलं काम त्यांनी कुठलं केलं असेल? बल्क जहाजाकडे पाहिलंही नाही. राडारवर त्या बोटींचं अंतर मोजलं. सहा मैल. मी ते मोजलंच नव्हतं, नुसत्या झगमगाटावरून जवळ ठरवून टाकलं होतं. मग त्यांनी सुकाणू उजवीकडे टाकलं, जहाजाची दिशा थेट २२५ अंशांवर येईपर्यंत. जहाज हळूहळू कललं, टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडली. आता समोरच्याला आमचा हिरवा जाऊन लाल दिसला असणार, शंकेला जागाच नाही. तो आमच्या पुढून डाव्या बाजूला शांतपणे निघून गेला. बोटी अजून तीन-चार मैल लांबच होत्या. काकांनी पेन्सिल उचलून टेबलावर ठेवली.

जुन्या मार्गावर आल्यावर कॅप्टननी विचारलं, "कधी बोलवायचं ते लिहिलं होतं. का नाही बोलवलंस?" मी म्हटलं, "सर, आपण नुकतेच झोपला होतात." ते म्हणाले, "माझी झोप मोजायला कंपनीने तुला ठेवलेलं नाही." बास. त्यावर ना रिपोर्ट, ना मेसमध्ये चर्चा. सकाळी माझ्या आधी चहाला आले आणि साखर पुढे केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला आता वाटेल, असलं काम सोड. सोडणार नाही. पण मार्च २०२५ मध्ये उत्तर समुद्रात नांगर टाकून उभ्या टँकरवर कंटेनर जहाज सकाळी येऊन धडकलं, त्याचा व्हिडिओ बाबांनीच मला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "जागं कोण होतं?" ब्रिटिश तपासाच्या सुरुवातीच्या अहवालात आलं की दोन्ही जहाजांच्या ब्रिजवर वेगळा लुकआउट नव्हता. म्हणजे माझ्याकडे काका होते तसं त्यांच्याकडे कुणी नव्हतं. हे मी तेव्हा तुम्हाला नीट लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला होता.

झोपेचंही सांगते, कारण आई प्रत्येक फोनला विचारते. नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि सात दिवसांत सत्याहत्तर. कागदावर ती सगळ्यांची भरते. बंदरातून बंदरात पळणाऱ्या जहाजावर प्रत्यक्षात काय होतं ते बाबांना डबल ड्युटीवरून माहीत आहे, इथे लिहीत नाही. ब्रिजवर एक यंत्र असतं. काही मिनिटं बटण दाबलं नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा, तरी कुणी हललं नाही तर कॅप्टनच्या केबिनमध्ये वाजतं. आपल्या बाथरूममध्ये एक बसवावं म्हणते.

आता घरच्या ऑर्डरी. दादाने एक दोनशे पानी वही आणावी आणि ती फ्रिजवर ठेवावी, बिलांच्या गठ्ठ्यात नाही. तिच्यात लिहायचं : तुम्ही दोघांपैकी कुणीही पडलं, मग लागो न लागो. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला. बाबांचं बीपी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर गेलं. रात्री कुणाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. तर मला त्याच दिवशी कळवायचं. सांगावं की नको असा प्रश्न पडला तरी कळवायचं. बाबांनी खाली सही करायची, एसटीच्या रजिस्टरात करायचात तशी, तारीख घालून. मी इथून काही करू शकणार नाही हे मला माहीत आहे. पण दादाला कुठल्या डॉक्टरकडे जा हे सांगू शकते, पैसे पाठवू शकते, आणि मेथी कोण निवडतंय याचा अर्थ तरी मला नीट लागेल.

माझ्याकडूनही तेच. पुढे असं काही घडलं तर आठवड्याच्या आत सांगेन. त्याच दिवशी नाही, कारण आई जेवायची नाही.

जहाजाचा सॅटेलाइट फोन नंबर कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, लाल पेनाने. बारा ते चारमध्ये केलात तर बहुतेक मीच उचलेन. इतर वेळी कॅप्टन उचलण्याची शक्यता जास्त. त्यांना मराठी येत नाही, आई, तेव्हा हिंदीत सांग, आणि "सॉरी, डिस्टर्ब किया" असं म्हणून लगेच ठेवून देऊ नकोस. मी त्यांना तुझ्या हाताचं सांगितलंय. त्यांनी विचारलं, प्लास्टर कधी निघणार?

मला तारीख माहीत नव्हती.

तुमची,
मनू

ता. क. : बाबा, मेथीचे देठ जरा जास्तच ठेवता तुम्ही. परवाच्या कॉलमध्ये दिसलं.